‘वेंगो’ म्हणून निघालेल्या आजीबाई

एकदा एका आजीबाईंनी बासष्टाव्या वर्षी स्पॅनिश शिकायला घेतले. हसू नका, कारण तसेच होते. त्यांची मुलगी स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात नांदत होती, तिचे दिवस भरत आले होते आणि तिथल्या विहीणबाईंना स्पॅनिशखेरीज एक अक्षर येत नव्हते. लेकीच्या घरी दोन महिने मुक्याने काढायचे की काय, हा कुमुदिनीबाईंना मोठा घोर होता.

मिरजेत त्यांना एक गुरुजी भेटले. उमेदीची तीस वर्षे स्पेनच्या एका बंदरात काढून आलेले, वय ऐंशीच्या घरात. पाणी हवे का, बाळ झोपले का, मीठ कमी पडले, अशी रोजची बोली ते शिकवत. बाई हुशार. आठवडाभरातच शिकवणी संपली की चपला सरकवत ठसक्यात म्हणू लागल्या, “वेंगो!” म्हणजे, येते. शब्दकोशात स्वतः शोधला होता हो! गुरुजी दारात उभे राहत.

एके दिवशी चष्मा विसरला म्हणून बाई अर्ध्या तासाने परतल्या. पाहतात तो गुरुजी दारातच, हातातल्या चहावर साय धरलेली.

“अगं बाई! गुरुजी, अजून इथंच? पाय नाही का दुखत?”

“दुखतात की. पण तुम्ही ‘वेंगो’ म्हणालात. वाट पाहत होतो.”

“निघताना ‘येते’च म्हणतात ना!”

“आपल्यात. तिथं कुणी ‘वेंगो’ म्हणालं, की आत्ता परत येणार असं समजतात. तुमच्या विहीणबाई अशाच ताटकळतील. निघताना ते ‘मे वोय’ म्हणतात. म्हणजे, जाते.”

“जाते म्हणू? बाळंतिणीच्या घरातून? जीभ झडेल माझी! नको मला ती भाषा.” बाईंनी वही पिशवीत कोंबली. त्यांना रडूच कोसळले.

“बसा जरा,” गुरुजी म्हणाले. “तुम्ही शब्द तेवढा नेलात, त्याच्या पोटातलं इथंच राहिलं. आपण ‘येते’ का म्हणतो? ताटातूट नको म्हणून. ही माया त्यांच्याकडंही आहे, पण ती दुसऱ्या शब्दात नांदते. ‘आस्ता लुएगो’ म्हणा. पुन्हा भेटेपर्यंत. परक्या भाषेत आपला शब्द शोधू नये बाई, आपला भाव शोधावा.”

बाईंनी डोळे पुसले आणि वही पुन्हा काढली.

यथावकाश नातू झाला. दोन महिने कसे सरले कळले नाही. निघताना विमानतळावर कुमुदिनीबाई विहिणीचे हात धरून म्हणाल्या, “आस्ता लुएगो.” विहीणबाईंनीही सुनेकडून एक मराठी शब्द घोकून ठेवला होता. भरल्या डोळ्यांनी त्या म्हणाल्या, “येते हं.”

लेक हसून सासूबाईंना सांगू लागली, “अहो, हे निघणाऱ्यानं म्हणायचं असतं.”

“असू दे गं, चुकलं कुठं?” कुमुदिनीबाई म्हणाल्या. आणि विहिणीकडे वळून म्हणाल्या, “या.”