वाळूची वाकडी नळी

फार जुन्या काळची गोष्ट आहे. किती जुनी ते विचारू नका. त्या काळी राण्या सिंहासनावर बसत आणि डिझेलचे इंजिनही धावत असे, आणि ही दोन्ही एकाच राज्यात कशी, असा प्रश्न तेव्हा कुणालाच पडत नव्हता. तुम्हीही पाडून घेऊ नका.

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होते आणि माथ्यावर राजधानी. मधल्या घाटातून एकच गाडी जाई आणि ती ओढायला एकच इंजिन होते. अंग हिरवे, कमरेला पिवळा पट्टा, धुराने काळवंडलेले कपाळ. गावकरी त्या इंजिनाला लाडाने ‘म्हातारी’ म्हणत. राजधानीत राजवाडा होता, हत्ती होते, कारंजी होती; पण म्हातारी मुक्कामाला यायची ती गावात, आणि एवढ्यावर अख्खे गाव छाती काढून चालायचे.

या गावाला एक वेड होते. घरोघरी म्हातारीच्या लहान प्रतिकृती बनत. इंजिनाची हातभर लांबी प्रतिकृतीत अर्धे बोट भरायची, आणि त्या मापात जे जे मावेल ते ते दिसलेच पाहिजे, असा गावाचा हट्ट. सोयरीक जुळवतानासुद्धा तिथे आधी मुलाची नजर तपासत, पत्रिका नंतर बघत.

वर्षातून एकदा पडताळणीचा सण यायचा. म्हातारीला आंघोळ घालून हार घालत आणि तिच्या शेजारी लांब बाकावर सगळ्या प्रतिकृती मांडत. प्रत्येकीपुढे एक ताटली. मग लहानथोर सगळे फरक शोधायला लागत. ज्याला फरक सापडेल त्याने तो मोठ्याने सांगायचा, म्हातारीपाशी नेऊन दाखवायचा आणि त्या ताटलीत तांदळाचा एक दाणा टाकायचा. ‘जाळीची एक पट्टी कमी आहे!’ ‘दाराची कडी उलटी बसवलीत की हो!’ असा नुसता कल्ला असे. ज्याच्या ताटलीत सगळ्यांत कमी दाणे, त्याची प्रतिकृती राणीसरकारांच्या काचेच्या कपाटात जाई.

रिकामी ताटली मात्र आजवर कुणीच पाहिली नव्हती.

ती आपण गावाला दाखवायची, असे लिंबाजी तांबटाने मनाशी ठरवले होते. लिंबाजीच्या हातात जादू होती, आणि ही गोष्ट लिंबाजीइतकी कुणालाच पक्की ठाऊक नव्हती. त्या वर्षी त्याने जेवणखाण विसरून पितळेची म्हातारी घडवली. खिडकीवरचे पाणी पुसायचे पाते केसासारखे बारीक होते. डिझेलच्या टाकीचे झाकण नखाने उघडत होते. पुढच्या पायरीला एक पोचा होता, तोसुद्धा त्याने जागच्या जागी उमटवला होता. ती प्रतिकृती तळहातावर घेतली की त्याला स्वतःचाच हेवा वाटायचा.

सणाच्या आदल्या दिवशी दुपारी तो शेवटची नजर टाकायला शेडमध्ये गेला. म्हातारीचा चालक हैबती पलीकडे लिंबाखाली भाकरी खात बसला होता. लिंबाजी एका हातात प्रतिकृती धरून म्हातारीभोवती फिरू लागला. जाळी बरोबर. भोंगा बरोबर. कठडा बरोबर. मग उजव्या अंगाला तो गुडघे टेकून खाली वाकला आणि तसाच थबकला.

घाटात रूळ ओले असले की चाके घसरतात. म्हणून चाकांपुढे दोन्ही अंगांना एकेक नळी असते. चालकाने दांडा ओढला की नळ्यांतून वाळू रुळांवर पडते आणि चाकांना पकड मिळते. म्हातारीची डावी नळी सरळ होती. उजवी मात्र खालच्या टोकाला आत वळलेली होती. लिंबाजीने माप घेतले होते डाव्या नळीचे, आणि एकाच साच्यातून दोन्ही ओतल्या होत्या. चिखलाने माखलेल्या त्या कोपऱ्यात डोकावून बघायची तसदी त्याने घेतलीच नव्हती.

आता करायचे काय? प्रतिकृतीतली नळी ओतीव होती आणि चौकटीला पक्की बसवलेली होती. वाकवायला गेला असता तर तुकडा पडला असता, आणि नवी ओतेपर्यंत सण उलटून गेला असता. लिंबाजीने प्रतिकृतीकडे पाहिले, मग म्हातारीकडे पाहिले. आणि त्या गावच्याच माणसाला सुचेल असा एक विचार त्याच्या डोक्यात आला. चूक म्हातारीची आहे!

‘नळी मुळात सरळच असणार,’ तो स्वतःला म्हणाला. ‘कुठेतरी आपटून वाकली असेल. ती नीट केली तर इंजिनावर उपकारच होतील.’

कोपऱ्यात पहार उभी होती. लिंबाजीने ती नळीत अडकवून दोन हिसके दिले आणि नळी सरळ झाली. तिच्यावर पुन्हा चिखल फासून तो हात झटकत घरी गेला. हैबतीची भाकरी अजून संपायची होती.

दुसऱ्या दिवशी गावाने लिंबाजीच्या प्रतिकृतीला अक्षरशः पिंजून काढले. ज्यांचे त्याच्याशी वाकडे होते त्यांनी तर दोनदोनदा फेरी मारली. भिंगे आली, दोऱ्या आल्या, मापे आली. ताटली रिकामीच राहिली. मग एकदम ढोल वाजायला लागले, आणि लिंबाजी दोन बोटे उंच झाल्यासारखा दिसू लागला.

बाकाच्या टोकाला गोदाक्काची प्रतिकृती होती. गोदाक्का सुताराघरची. लाकूड आणि पत्रा घेऊन वर्षानुवर्षे म्हातारी घडवत आली होती. तिच्या ताटलीतही दाणा नव्हता. इतक्यात कुणीतरी ओरडले, “अक्का, तुमची उजवी नळी वाकडी आहे!”

“वाकडीच आहे रे ती,” गोदाक्का म्हणाली. “मी हात लावून बघितलीय.”

लोकांनी तिला हाताला धरून म्हातारीपाशी नेले. नळी सरळ होती. हैबती वर बसून पोरासोरांना भोंगा वाजवून दाखवत होता, त्याला या गोंधळात काही ऐकू गेले नाही. गोदाक्काने नळीवरून हात फिरवला, परत फिरवला. तिच्या ताटलीत दाणा पडला.

“डोळे गेले माझे,” ती हळूच म्हणाली, “आणि हातही गेला म्हणायचा. आता हत्यारं खाली ठेवलेली बरी.” तो दाणा तिने उचलून पदराच्या गाठीत बांधला.

लिंबाजीने हे ऐकले. पण लोकांनी त्याला खांद्यावर घेतले होते, आणि खांद्यावर बसलेल्या माणसाला खालचे फार दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी राणीसरकारांचे दिवाण विजेत्याला न्यायला आले. लिंबाजी रेशमी रुमालात गुंडाळलेली प्रतिकृती आणि ती रिकामी ताटली मांडीवर घेऊन गाडीत बसला. समोर गोदाक्का होती. राजधानीत तिची भाची राहत होती. आपली लाकडी म्हातारी तिला देऊन टाकायची म्हणून तिने ती टोपलीत घेतली होती.

घाटात दाट धुके होते आणि रूळ ओलेचिंब झाले होते. मोठ्या चढावर म्हातारी धापा टाकू लागली. चाके जागच्या जागी फिरली. गाडी थांबली, आणि मग हळूच मागे सरकली. बायामाणसे ओरडली. हैबतीने ब्रेक दाबून धरला, पुरुषांनी उड्या टाकून चाकांमागे दगड लावले, तेव्हा कुठे गाडी ठरली. हैबतीने पुन्हा वाळू सोडून बघितली, पुन्हा चाके घसरली.

दिवाण खाली उतरले. “काय झालं, हैबती?”

“काय कळंना, साहेब. वाळूची पेटी निम्मी रिकामी झाली, तरी चाकं धरंनात. इतक्या वर्षांत असं कधी केलं न्हाई तिनं.”

दिवाणांनी म्हातारीकडे वरपासून खालपर्यंत पाहिले. “म्हणजे तिचं आयुष्य संपलं. माणसांच्या जिवाशी खेळ नको. राणीसरकारांना सांगून तिला मोडीत काढतो. घाटाची गाडी आजपासून बंद.”

हैबतीने म्हातारीच्या अंगावर हात ठेवला आणि तो पोरासारखा रडू लागला. इंजिनाला तोंड नसते. ती बिचारी आपली बाजू कशी मांडणार?

गोदाक्का खिडकीतून म्हणाली, “लिंबाजी, तू तरी उतरून बघ रे. तुझ्याइतकं तिला कोण ओळखतं?”

रुमालातली प्रतिकृती काखेत धरून लिंबाजी उतरला. तो उजव्या अंगाला गेला आणि वाकला. वाळू पडली होती. पण ती रुळाच्या बाहेर, खडीवर पडली होती, आणि रूळ ओला, चकचकीत, उघडाच होता. एकट्या डाव्या रुळावरच्या वाळूने एवढा चढ थोडाच चढणार होता!

साऱ्या घाटात ते फक्त त्यालाच कळले. गप्प बसला असता तर त्याची प्रतिकृती काचेच्या कपाटात गेली असती आणि त्याचे नाव कायमचे राहिले असते. म्हातारी भट्टीत गेली असती, आणि गोदाक्काने हत्यारे ठेवली असती. रेशमी रुमाल त्याला एकदम जड लागू लागला. इंजिनच उरले नाही, तर ही प्रतिकृती हुबेहूब तरी कशासारखी म्हणायची? त्याला रडू आले, लाजही वाटली, आणि तरी तो उठून उभा राहिला.

“साहेब, म्हातारी थकलेली नाही,” तो म्हणाला. “माझी प्रतिकृती चुकली होती. ती दुरुस्त करायच्या ऐवजी मी इंजिनाचीच नळी सरळ केली. अक्का, तुमचे डोळे शाबूत आहेत. माझीच अक्कल गहाण पडली होती.”

हैबतीने इंजिनात ठेवलेली पहार उचलली. लोकांना वाटले, आता ही लिंबाजीच्या टाळक्यात बसते.

“अरे लेका,” हैबती म्हणाला, “दरड कोसळली तवा दगड लागून नळीचा आधार बाहेर सरकला हुता. वाळू रुळावर पडावी म्हणून मीच ती आत वळवली हुती. किती खेपा घातल्या तवा जमलं! म्हणून तर तिच्यावर मला शंकाच आली न्हाई. ही घे पहार. हुती तशी कर.”

“पण नेमकी किती वळवू?” लिंबाजीने विचारले. जास्त वळली तर वाळू आत पडणार, कमी वळली तर बाहेर. हैबतीलाही आता ते माप आठवेना.

तेव्हा गोदाक्का टोपली घेऊन खाली उतरली. तिने आपली लाकडी म्हातारी खडीवर ठेवली. “हे घे माप,” ती म्हणाली.

लिंबाजी त्या लहानग्या नळीपुढे चक्क पालथा पडला. त्याने गवताची काडी लावून वळणाचे माप घेतले, ते इंजिनाच्या मापात वाढवले आणि पहार लावली. थोडे वळवले, ताडून पाहिले, आणखी थोडे वळवले. आयुष्यात प्रथमच तो दुसऱ्याची प्रतिकृती बघून काम करत होता, आणि ते काम त्याने जीव ओतून केले. मग त्याने हैबतीला हात दाखवला.

वाळू सुटली ती थेट रुळाच्या माथ्यावर पडली. म्हातारीने काळ्याकुट्ट धुराचा एक लोट सोडला, चाकांनी रूळ धरला आणि गाडी चढू लागली. लोक शेजारून धावत, नाचत, ओरडत निघाले. घाटमाथ्यावर हैबतीने भोंगा वाजवला तो थेट राजवाड्यापर्यंत ऐकू गेला. गोदाक्काची मान अशी ताठ झाली होती की तिचे वय कुणी ओळखले नसते.

दरबारात लिंबाजीने आपली रिकामी ताटली राणीसरकारांपुढे ठेवली आणि गोदाक्काकडे हात पसरला.

“अक्का, तो दाणा द्या. तो माझा आहे.”

गोदाक्काने पदराची गाठ सोडली. लिंबाजीने तो दाणा आपल्या ताटलीत टाकला. एवढ्याशा दाण्याचा आवाज साऱ्या दरबाराने ऐकला.

राणीसरकारांनी गोदाक्काची लाकडी म्हातारी स्वतःच्या हाताने काचेच्या कपाटात ठेवली. मग त्या लिंबाजीला म्हणाल्या, “पुढच्या सणाला तुझी प्रतिकृती बाकावर येणार नाही. वर्षभर रोज तू म्हातारीचं पोट पुसायचं. ज्या कोपऱ्यात तू वाकून पाहिलं नाहीस, तिथूनच सुरुवात कर.”

लिंबाजीने वर्षभर म्हातारीचे पोट पुसले. तेलाने, चिखलाने तो रोज काळा होई, आणि रोज त्याला काहीतरी नवे सापडे. शिक्षा संपल्यावर त्याने पुन्हा प्रतिकृती घडवली. तिच्या ताटलीत चांगले तीन दाणे पडले. तरी लिंबाजी मिशीला पीळ देत गावभर हिंडला आणि भेटेल त्याला थांबवून सांगू लागला, “बाकी सगळं राहू दे. आधी माझी उजवी नळी बघ, कशी वाकडी आहे!”

म्हणून मुलांनो आणि मोठ्यांनो, एवढे ध्यानात ठेवा: आपले काम खऱ्याशी जुळत नसेल तर काम बदलावे, खऱ्याला हात लावू नये.