पहिला वास देवीचा

आमच्या गोदाक्काच्या हातच्या उदबत्तीचा पुडा दहा रुपयांना, पण तिचा तोरा मात्र राणीचा. नवरात्रात देवळात कुणाची उदबत्ती लावायची हे ठरवायला देवस्थानचे अध्यक्ष रावसाहेब जगदाळे देवळाच्याच ओसरीवर बसले. समोर शहरातल्या व्यापाऱ्यांचे सोनेरी पुडे मांडले होते. रावसाहेब एकेक पुडा नाकाला लावत आणि डोळे मिटून म्हणत, “वा! काय घमघमाट!”

शेवटी त्यांनी गोदाक्काचा पुडा हुंगला. पुन्हा एकदा हुंगला आणि तिच्यापुढं टाकला. “हिला वासच नाही! दहा रुपयांत दुसरं काय मिळणार? असली काडी देवीपुढं लावायची?”

माणसं हसली. गोदाक्कानं पुडा उचलला आणि ती पुजाऱ्याकडं वळली. “केरबा, कुणी हुंगलेलं फूल देवीला वाहतोस का रं?”

“छे! हुंगलेलं कसं चालंल?”

“मग रावसाहेबांनी मन भरून हुंगलेली उदबत्ती कशी चालंल? सगळ्या पुड्यांचा पहिला वास तेच घेऊन बसले. माझ्या काडीचा वास आला नाही, हे त्यांनीच चारचौघांत सांगितलं. माझी काडी पेटल्याबिगर वास देत नाही, रावसाहेब. देवीसाठी राखलाय तो!”

आता कुणी हसेना. केरबानं तिची एक काडी पेटवून देवीपुढं लावली. बघता बघता वाळ्याचा आणि दवण्याचा वास गाभाऱ्यातून ओसरीपर्यंत आला. रावसाहेबांचं नाक आपसूक वर झालं.

“आता खुशाल घ्या,” गोदाक्का म्हणाली. “देवीचा घेऊन झालाय.”