आनसाबाईच्या गोधडीचा काठ

एकदा काय झालं, एका डोंगराच्या खिंडीत एक म्हातारी राहायची. आनसाबाई तिचं नाव. खाली गाव, वर आभाळ आणि मधे तिची झोपडी. नवरा कधीच देवाघरी गेलेला. मूलबाळ नाही. एक शेळी होती, तीही म्हातारी होऊन मेली. मग बोलायला कुणी उरलं नाही, म्हणून आनसाबाई सुईशी बोलायची. सुई काही उत्तर देत नाही, बरं का.

आनसाबाई गोधड्या शिवायची. गावातली माणसं जुनेरं आणून टाकायची. ती थरावर थर घालायची, धावदोरा घालायची आणि सगळ्यात शेवटी काठ लावायची. चारी कडांना मुडपून शिवलेली पट्टी म्हणजे काठ. काठाचं कापड ती फार बघून घ्यायची. कोरं कापड नको, पहिल्या धुण्यात आटतं आणि गोधडी कडेला गोळा होते. रेशीम नको, टाक्यातून निसटतं. अंगावर वापरून मऊ झालेलं सुती हवं. आणि ते घरातल्याच माणसाचं हवं. आजीचं लुगडं, बापाचं धोतर. त्या मुलखात गोधडीला काठ नसला की तिच्यातून झोप सांडायची. फुटक्या कणगीतून ज्वारी सांडावी, तशी हळूहळू कडेनं गळून जायची.

साऱ्या गावाची झोप आनसाबाईनं बांधून दिली होती. पण तिच्या स्वतःच्या गोधडीला काठ नव्हता.

का नव्हता? तर आपल्या गोधडीला आपल्याच लुगड्याचा काठ चालत नसे. घरात कुणी नसेल तर तो दुसऱ्या कुणी अंगावरच्या वस्त्रातून फाडून द्यायचा असतो. आनसाबाईला कोण देणार? गावाला वाटायचं, हिच्याकडे चिंध्यांचा ढीग आहे, हिला काय कमी. आणि मागायचं म्हटलं की तिची जीभ टाळूला चिकटायची.

मग एका हिवाळ्यात फारच झोप सांडली. आनसाबाई तळमळत पडायची, नि सकाळी पाहावं तर उंबऱ्याशी झोपेचा सडा. मुंग्यासुद्धा तिथंच पेंगत बसलेल्या. हात थरथरू लागला. एका लेकुरवाळीच्या गोधडीचा काठ वाकडा गेला, तो उसवावा लागला. आनसाबाईला भीती वाटली. हात गेला तर गोधड्या गेल्या, आणि गोधड्या गेल्या तर या खिंडीत कोण फिरकणार?

माणसांकडे जायचा तर धीर नाही. मग ती चांदोबाकडे गेली. पौर्णिमेला तो डोंगराच्या माथ्यावर टेकला होता. त्यानं आपल्या अंगरख्याची पट्टी टर्रकन फाडून दिली. इतकी पांढरी, की शिवायला दिवा लागला नाही. आनसाबाईनं चारी कोपरे नीट मुडपले आणि गाढ झोपली. पण काठ रोज थोडा बारीक व्हायचा. होता होता अवस आली नि काठ गेला. नुसते टाके राहिले, हवेत घातल्यासारखे.

मग ती नदीकडे गेली. नदीनं काठाकाठानं एक निळी पट्टी सोडवून दिली. ती मेली एका जागी ठरेना. शिवता शिवता सळसळायची, अंथरुणात खुळखुळायची. सकाळी आनसाबाईनं पाहिलं तर पट्टी उंबरा ओलांडून उताराला लागलेली, आणि गोधडी भिजून चिंब.

मग ती करवंदीच्या जाळीत नागोबाकडे गेली. नुकतीच त्यानं कात टाकली होती. लांबच लांब, खवल्याखवल्याची, मोठी देखणी. घेऊन जा म्हणाला. आनसाबाईनं जपून ती लावली. पण कुशीवर वळली की चर्र, परत वळली की चर्र. उजाडेपर्यंत कातेचा चुरा झाला. ती चुरा ओंजळीत घेऊन परत गेली.

नागोबा म्हणाला, "बाई, मला नको होती म्हणून मी ती टाकली. टाकलेल्यात ऊब कुठली?"

आनसाबाई घरी आली. दारात बसली आणि खूप रडली. रडून झाल्यावर तोंड धुतलं आणि गावाकडे खिंड उतरू लागली.

एरवी ती गावात जायची ती गोधडी पोचवायला. आज हात रिकामे. ते कुठं ठेवावेत, कळेना. पहिल्या घरी लग्नाची घाई होती. तिनं नुसतीच नवरीची चौकशी केली आणि मागं फिरली. दुसऱ्या घरी सुनेनं विचारलं, काय आणलंत मावशी? ती म्हणाली, काही नाही, सहज. आणि तिथूनही निघाली. गाव संपलं. शेवटी राहिलं कोंडाबाई कुंभारणीचं घर.

कोंडाबाईही एकटीच. तिची भट्टी कधीची थंड पडलेली. ती उन्हात अंग शेकत बसली होती. नेसूचं लुगडं एकच, कधीकाळी हिरवं असलेलं. ते बघून आनसाबाई परतणारच होती. पण पाय उचलेनात.

"कोंडाबाई," ती म्हणाली, "माझ्या गोधडीला काठ नाही गं. मला झोप लागत नाही."

कोंडाबाईनं विचारलं, "इतकी वर्षं अशीच निजलीस?"

"अशीच."

कोंडाबाईनं पदराची कड दातात धरली आणि फाडली. फाडत फाडत लुगडं पार आखूड झालं, तेव्हा आनसाबाईनंच तिचा हात धरला. पुरे म्हणाली.

मग दोघी हळूहळू खिंड चढल्या. दारात बसून आनसाबाईनं पट्ट्या जोडल्या, कडेवर घातल्या, आत मुडपल्या. कोंडाबाई सुईत दोरा ओवून देत होती. कापड मऊ होतं. हात थरथरला नाही. एक बाजू झाली, दुसरी झाली, तिसरी झाली, आणि पट्टी संपली.

"चौथी उघडीच राहिली," आनसाबाई म्हणाली.

कोंडाबाईनं गोधडी झटकली, अंथरुणावर घातली आणि उघड्या बाजूला स्वतः आडवी झाली. "या बाजूला मी निजते," ती म्हणाली. "बघू कुठनं सांडते ती."

आणि बाळांनो, सांडली नाही. सूर्य डोक्यावर आला तरी दोघी घोरत होत्या. कोंडाबाई परत खाली राहायला गेलीच नाही. भांडल्याही त्या पुष्कळ, मिठावरून नि सरपणावरून, पण निजायला एकाच गोधडीत. सुखानं राहिल्या, सुखानं म्हाताऱ्या झाल्या, होत्या त्याहूनही म्हाताऱ्या.

चला, सरका जवळ. कडेला कोण आहे? धर घट्ट पांघरुणाची कड. मिटा डोळे.