दरबाराच्या भिंतीवरची भातलावणी

एका राज्यात धुरपा नावाची बाई घसा कोरडा पडेपर्यंत सांगत होती, पण तिचं खरं कुणीच धरलं नाही. शिवारात नाही, देवळात नाही, दरबारात तर नाहीच.

त्या राज्यात दरबाराच्या भिंतीवर जे रंगवलं असेल तेच शेतात घडे. केरबा चितार्‍यानं तिथं भातलावणी रंगवली होती. अशी, की बघणार्‍याची कंबर दुखावी. भेगाळल्या टाचा, पाण्यानं पांढरी पडलेली बोटं, पाठीला चिकटलेली लुगडी. काही झाकलं नव्हतं त्यानं.

आणि यंदा बाया रोप लावून त्याच रोपावर पाय देत पुढं चालू लागल्या. थांबता येईना, पाठ सरळ होईना. धुरपाची बहीण कोंडाई त्यांतच, तीन दिवस वाकलेली. धुरपा तेवढी दरबार सारवायला होती म्हणून सुटली. राजा रत्नकेतूनं चित्राचा दोष देऊन केरबाला कोठडीत टाकलं.

"केरबाच्या बाया मागं सरकत होत्या," धुरपा म्हणाली. "लावणी मागं सरकतच होते. चित्र कुणीतरी बदललंय."

"तुला चित्रातलं काय कळतं गं?" प्रधान हसला.

"चित्रातलं नसंल. चिखलातलं तुमच्या बापापेक्षा जास्त कळतं."

तिला हाकललं. बांधावरचा बगळा तिला म्हणाला, "बाई, तीन कामं कर. माझ्या पिसानं कोठडीचं कुलूप उघड. शेतातल्या चिखलानं भिंत धू. मग जे दिसेल ते सगळ्यांदेखत बोल."

पिसानं कुलूप उघडलं. भर दरबारात केरबानं चिखलाचा हात भिंतीवर फिरवला. वरचा रंग गळाला, खालच्या बाया दिसू लागल्या. सिंहासनाकडे पाठ करून मागं मागं सरकणार्‍या. तिकडं शिवारात बाया मागं सरकू लागल्या, पण कंबर कुणाचीच उठेना.

"का उठत नाही?" राजानं विचारलं.

"दोषी माणसाचं नाव सिंहासनावरून घ्यावं लागतं," खिडकीतून बगळा म्हणाला. "राजाच्या तोंडून."



"महाराज," धुरपा म्हणाली, "सिंहासनाकडे पाठ केलेली कुणाला खपली नाही ते दिसतंय. माझी बहीण वाकलीय. बोला."

राजानं त्या भेगाळल्या टाचांकडे पाहिलं. केरबानं एकही भेग खोटी काढली नव्हती. मग राजा सिंहासनावरच उभा राहिला. शिवारात कोंडाईनं कमरेवर हात ठेवून पाठ ताठ केली, तेव्हा दरबारात त्याच्या तोंडून शब्द उमटला होता:

"रत्नकेतू."