पाण्याला किती लागतं

"...मग हा एक पदार्थ यादीतून खोडू ना, मॅडम?"

शार्दूल खोपकरने वही पुढे सरकवली. प्रयोगशाळेत दुपार कलत आली होती. रेहाना इनामदार मॅडम स्टुलावर बसून गुडघा चोळत होत्या. निवृत्तीला तीन महिने उरलेले, आणि हा त्यांचा शेवटचा पीएचडीचा विद्यार्थी.

"का खोडायचा?"

"छत्तीस पदार्थ सूत्रात बरोबर बसतात. हाच तेवढा चुकतो."

"रीडिंग किती वेळा घेतलंस?"

"नऊ."

"नऊही वेळा तेच?"

"...हो."

मॅडमनी डोळे मिटले.

समोर स्टँडला काचेचं फनेल टांगलेलं होतं. त्यात खाली पाणी, वर तेलासारखं ऑक्टेनॉल. पदार्थ टाकायचा, फनेल हलवायचं, आणि पाण्यात किती राहिला, वर किती गेला ते मोजायचं. शार्दूलने दोन वर्षं खपून सूत्र बांधलं होतं: अणू मोजा, उत्तर आधीच मिळेल. उद्या त्याचा लेख छापायला पाठवायचा होता.

"बाकीचे छत्तीस कसे आहेत?"

"अणूंच्या सरळ साखळीचे. पण ह्याच्यातही अणू तेवढेच, मॅडम. वजनसुद्धा तेच. फक्त साखळी सरळ नाही, गोळा झालेली. सूत्राप्रमाणे ह्याने त्याच्या सरळ भावाइतकंच वर जायला हवं. आणि हा बसलाय पाण्यात."

"पाण्याला तुझं सूत्र कळवायचं राहिलं वाटतं."

तो हसला नाही. मॅडमही हसल्या नाहीत.

शेजारी टबात बर्फाचं पाणी होतं.

"हात घाल त्यात. बोटं पसरून."

त्याने घातला, आणि ओठ आवळले.

"काढ. पूस. थोडी ऊब येऊ दे... आता मूठ वळून घाल."

त्याने घातली.

"जास्त गार कधी लागलं?"

"पसरला होता तेव्हा."

"हात बदललास?"

"नाही."

"वजन कमी केलंस?"

"तेही नाही."

"पाणी वजन करत नाही रे. तू त्याला किती लागतोस, तेवढंच त्याला कळतं. अंग पसरलंस की त्याला तुझ्याभोवती सावरून बसावं लागतं. ते त्याला फार वेळ झेपत नाही. मग वर पाठवतं."

"म्हणजे तेल ओढून घेत नाही?"

"तेल फारसं कुणाला बोलवत नाही. पाणीच घालवतं."

शार्दूलने टबातली मूठ बाहेर काढली आणि फनेलकडे बघितलं.

"गोळा झालेल्याचं अंग पाण्याला कमी लागतं," तो हळू म्हणाला. "म्हणून ते राहू देतं."

त्याने वहीची मागची पानं उलटली आणि सूत्रावर आडवी रेघ मारली. बोटं बधिर झाली होती. रेघ वाकडी आली.

"उद्या काही पाठवत नाही, मॅडम."

"बरं."

"तुम्हाला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"होतं."

"मग दोन वर्षं मला सांगितलं का नाही?"

मॅडम टेबलाला धरून उठल्या. टब उचलला, पाणी सिंकमध्ये ओतलं.

"दोन वर्षं तू मला सांगत होतास, शार्दूल. विचारत कुठे होतास?"