आता राज्य शेठवर

वीटभट्टीवर सरकारी बाई तपासणीला आल्या, तेव्हा दहा वर्षांची चांगुणा डोक्यावर सहा विटा घेऊन चालली होती. मागून आणखी सात पोरं तशीच येत होती. भट्टीमालक बाजीशेठ लगबगीनं पुढे झाला.

"काम कसलं हो, बाई? पोरं आगगाडी-आगगाडी खेळतायत!"

भीती वाटत असूनही चांगुणाला हसू आवरेना.

"खरंय, बाई, खेळच आहे. पण सकाळपासून राज्य आमच्यावरच आलंय. शेठ, आता राज्य तुमच्यावर!"

"घ्या की, शेठ," बाई गंभीरपणे म्हणाल्या. "खेळच तर आहे."

शेठला नाही म्हणायची सोय उरली नाही. पोरांनी त्याच्या डोक्यावर सहा विटा रचल्या आणि टाळ्या पिटत त्याला भट्टीभोवती फिरवलं. तिसऱ्या खेपेला तो मटकन खाली बसला.

"मेलो! हे काम माझ्याच्यानं नाही व्हायचं!"

"काम म्हणालात ना?" बाईंनी वही उघडली आणि शेठचे शब्द जसेच्या तसे उतरवून घेतले.

त्याच दुपारी आठही पोरांची नावं शाळेच्या पटावर चढली. चांगुणा तर इतकी हसत होती, की गुरुजींना तिचं आडनाव तीनदा विचारावं लागलं.