हिवाळाबंदी

त्या राज्यात हिवाळ्याला बंदी होती.

गादीवर बसताना राजाने कबूल केलं होतं, की माझ्या राज्यात बारा महिने ऊन पडेल. राजाचा शब्द खाली कसा पडणार? तेव्हा थंडी पडत नव्हती, आणि पडलीच तर ती थंडी नव्हती. दरवर्षी दोन-अडीच महिने रांजणातल्या पाण्यावर काचेसारखी पापडी धरायची, वेल काळे पडायचे आणि काही घरांतली लहानगी सकाळी उठायचीच नाहीत. दप्तरात त्याची नोंद 'गाढ झोप' अशी होत असे.

थंडीची तयारी करणं म्हणजे थंडीला आवतण धाडणं, असा कायदा होता. त्या राज्यातले प्राणी रांधून खात नसत, त्यामुळे शेगडी सापडली की ती उबेसाठीच, यात वाद नव्हता. गोधडी, पेंढा, सरपण, सगळ्यालाच मनाई. शिवाय प्रत्येक घराच्या उत्तरेच्या भिंतीला मुठीएवढं भोक ठेवावं लागे. रोज सकाळी शेजाऱ्याने शेजाऱ्याच्या भोकात हात घालायचा, आरपार वारा लागतो का ते पाहायचं आणि मोठ्याने ओरडायचं, "वारा मोकळा!" कोतवाल सरडा चौकातल्या तापलेल्या दगडावर पडून हे ओरडणं ऐकत असे. एखाद्या दारचा आवाज आला नाही, की तो डोळा उघडायचा.

सगुणा साळिंदर वस्तीच्या टोकाकडून दुसऱ्या घरात राहायची. तिचं थोरलं पोर गेल्या साली गाढ झोपलं होतं. आता धाकटी बाळी उरली होती. ती वाचली पाहिजे, एवढा एकच विचार सगुणेच्या डोक्यात पाऊस सरल्यापासून घोळत होता.

म्हणून तिने तयारीला हात घातला. परसातली रताळी काढून तिने वाळूत पुरली. हळदीच्या वाफ्यावर हातभर पाला पसरला आणि कुणी विचारलं तर "वाऱ्याने येऊन पडला" असं सांगायचं ठरवून ठेवलं. भोपळे आढ्याला टांगले, ते शोभेसाठी. भिंतींच्या भेगा बुजवायच्या तर कारण हवं, म्हणून बाळीचं लग्न काढलं. बाळी अजून रांगत होती. पण त्या वर्षी अर्ध्या वस्तीत लग्नं निघाली होती. घरोघर भिंती लिंपून झाल्या, ओसऱ्या सारवून झाल्या, नवरदेव मात्र कुणाच्याच दारात दिसला नाही. सगळे एकमेकांना "यायचं हं लग्नाला" म्हणत आणि वळून दुसऱ्याच्या भिंतीकडे बघत.

भोकाला तिने पेंढ्याचा बोळा केला होता. सूर्य बुडाला की तो घालायचा, उजाडायच्या आत काढायचा. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं होतं. समोरच्या घुशीने खाकरलं तरी सगुणेचे काटे उभे राहत. पण सगळ्यांत जास्त धास्ती तिला शेजारच्या गोंदाजी सशाची होती.

गोंदाजी एकटा, म्हातारा, मऊ बोलणारा. टोकाचं घर त्याचं. त्याचे कान सदा ताठ, आणि ते आपल्याच घराकडे वळलेले असतात अशी सगुणेची खात्री होती. एकदा तो कुंपणापाशी उभा राहून हळदीच्या वाफ्याकडे बराच वेळ पाहत होता. मग म्हणाला, "वारा यंदा पाला बरा आणतोय." सगुणा त्या दिवशी जेवली नाही.

एकदा बाळी रात्रभर कुरकुरली आणि सगुणेला पहाटे डोळा लागला. जाग आली ती भिंतीबाहेर गोंदाजीची पावलं वाजली तेव्हा. बोळा भोकातच होता. आता काढावा तर आवाज होणार. पलीकडून गोंदाजीचा पंजा आत आला, पेंढ्याला टेकला, आणि थांबला. सगुणेने बाळीचं तोंड दाबून धरलं.

"वारा मोकळा!" गोंदाजी ओरडला. "लई मोकळा हाय बया आज!"

दुसऱ्या कुठल्या राज्यातली बाई असती तर देवापुढे दिवा लावून मोकळी झाली असती. पण सगुणा याच राज्यात लहानाची मोठी झाली होती. तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. हा खोटं का बोलला? फुकट कोण कुणासाठी खोटं बोलतं? हा ही गोष्ट जपून ठेवणार आणि वेळ आली की बाहेर काढणार. मग त्याच्याआधी आपणच का नको?

तिने दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी ती चौकात गेली.

"कोतवालसाहेब, बोलू नये पन आमच्या शेजारी पेंढा असावा," ती म्हणाली. "वास येतो."

खरं तर तिला कसलाही वास आला नव्हता. पण पेंढा सापडेल हे तिला माहीत होतं. तो सगळ्यांकडेच होता.

गोंदाजीच्या घरात एक पेंढी, तडा गेलेली शेगडी, थोडं सरपण आणि ठिगळं लावलेली गोधडी निघाली. सगळी वस्ती बघायला जमली आणि प्रत्येकजण शेजाऱ्यापेक्षा मोठ्याने "शी, शी" करत होता. कोतवालाने विचारलं, "अजून कोण कोण हाय यात? नाव सांगितलंस तर गोधडी परत देतो."

गोंदाजीने सगुणेकडे पाहिलं. तिच्या कडेवरच्या बाळीकडे पाहिलं.

"मी एकलाच, साहेब," तो म्हणाला. "म्हाताऱ्याला थंडीचे भास होत्यात."

तेव्हा सगुणेला सगळं कळलं. जमिनीने आपल्याला पोटात घ्यावं असं तिला वाटलं. गोंदाजीच्या भिंतीचं भोक सुपाएवढं मोठं करण्यात आलं. सामान जप्त होऊन कोतवालाच्या घरी गेलं. आणि सगुणा निष्ठावंत ठरली. तिच्या भिंतीच्या भोकात यापुढे कुणी हात घालायचा नाही, असा हुकूम झाला. तिने त्याच संध्याकाळी ते चिखलाने कायमचं लिंपून टाकलं.

गोंदाजीला पेंढीभर पेंढा द्यायचा, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं. तीनदा पेंढी काखेत मारून ती दारापर्यंत गेली. तीनदा समोरच्या खिडकीत घुशीचे डोळे दिसले. उद्या देऊ, असं म्हणत तिने पेंढी परत माळ्यावर टाकली.

मग एका पहाटे रांजणावर पापडी धरली. बाळीचे ओठ निळे पडले, तिचं रडणं बारीक होत गेलं. सगुणेने क्षणभर दाराकडे पाहिलं, मग भोपळ्यांमागे लपवलेली शेगडी ओढली आणि पेटवली. कोतवाल येवो नाहीतर राजा येवो, तिला पर्वा उरली नव्हती. हळूहळू पोरीच्या गालावर रंग चढला. ती झोपली, आणि ही झोप खरी होती.

उजाडल्यावर आपला धूर कितीसा दिसतो ते पाहायला सगुणा गोधडी लपेटून दारात आली आणि जागीच थबकली. घुशीच्या छपरातून धूर निघत होता. त्याच्या पलीकडच्या मुंगसाच्याही. सगळ्या वस्तीच्या छपरांतून धूर निघत होता, आणि कोतवालाच्या छपरातून सगळ्यांत दाट. दारादारांत सगळे गोधड्या लपेटून उभे होते आणि कुणीच कुणाकडे बघत नव्हतं.

कोतवाल दोन शालींवर एक गोधडी गुंडाळून चौकात आला. गोधडीला ठिगळं होती. त्याने वर पाहिलं.

"धुकं हाय," तो म्हणाला.

"धुकंच हाय," सगळे म्हणाले.

धुराने आभाळ झाकून गेलं होतं. एका टोकाला तेवढी फट होती. तिथलं छप्पर थंड होतं, तिथून काहीच वर येत नव्हतं, त्यामुळे तेवढ्या जागी स्वच्छ निळं आभाळ दिसत होतं आणि त्यातून उन्हाची तिरीप थेट गोंदाजीच्या घरावर उतरली होती. दार अजून उघडलं नव्हतं.

"बघा!" कोतवालाने शालीतून बोट काढून दाखवलं. "राजाचं ऊन!"

सगळ्यांनी तिकडे तोंडं वळवली आणि हात जोडले. सगुणेनेही गोधडीतून दोन्ही हात बाहेर काढले.